तुमचं काय काम आहे?

ग्रंथालयाच्या दारात बाईमाणसाला सगळ्यात आधी विचारला जातो तो हाच प्रश्न. दवाखान्यात, बँकेत, तहसीलमध्ये असं कुणी विचारत नाही. तिथं आलोय म्हणजे काम असणार, हे धरूनच चाललेलं असतं. ग्रंथालयात मात्र पन्नाशीकडं झुकलेली, खांद्याला कापडी पिशवी अडकवलेली बाई दिसली की रखवालदाराला वाटतं, ही पत्ता चुकली, नाहीतर पोराचा डबा घेऊन आली. एका मोठ्या ग्रंथालयात, नाव लिहीत नाही, मला थेट विचारलं गेलं, “मुलगा आत बसलाय का?” मी म्हटलं, “मुलगा नाही, मीच बसणार आहे.” त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा पिशवीकडं, आणि रजिस्टर पुढं सरकवलं. नाव, गाव, वेळ, सही. पिशवी खिडकीत, बदल्यात पत्र्याचा बिल्ला. एवढं झालं की कुणी काही विचारत नाही.

पाचोडला स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पाचोड पैठण तालुक्यात, धुळे-सोलापूर महामार्गावर, संभाजीनगर आणि बीडच्या मधे. बाहेरच्या लोकांना गाव माहीत असतं ते मोसंबीच्या बाजारामुळं. माझ्याकडं बागायतदार सातबाऱ्यासाठी आणि पीकविम्यासाठी येतात, पोरं-पोरी भरतीच्या फॉर्मसाठी. दिवसभर कागद हातातून जातात, पण वाचावं असं त्यांत काही नसतं. वाचायचा नाद मला माहेराहून लागलेला. लग्नानंतर बरीच वर्षं तो गुंडाळून ठेवावा लागला. २०२३ च्या मार्चमध्ये एसटीनं बायकांना अर्धं तिकीट केलं आणि संभाजीनगरच्या खेपा परवडायला लागल्या. दुकानासाठी टोनर आणायला जावंच लागतं. अर्धा तास टोनरला, उरलेला दिवस ग्रंथालयाला. टोनर आणायला एवढा वेळ कसा लागतो, हे घरात अजून कुणी विचारलेलं नाही.

आमच्याकडं लोक समजतात की सार्वजनिक ग्रंथालय म्हणजे सरकारी. महाराष्ट्रात तसं नाही, आणि हे एकदा नीट समजलं की बाकीच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. आपल्या राज्याचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्याच्या कितीतरी आधी, १९४५ मध्ये, कोल्हापूर संस्थानानं असा कायदा केला होता, आणि १९४८ मध्ये मद्रासनं. मद्रासनं घरपट्टीवर ग्रंथालयाचा कर बसवला. पुढं दक्षिणेतल्या इतर राज्यांनीही तीच वाट धरली. म्हणजे तिकडं घराचा कर भरणारा माणूस आपोआप ग्रंथालयाचाही वाटेकरी होतो. महाराष्ट्रानं असा कर लावला नाही. इथं गावातल्या चार माणसांनी संस्था काढायची, नोंदवायची, पुस्तकं जमवायची आणि मग सरकारनं मान्यता देऊन अनुदान द्यायचं, अशी रीत ठरली. अ, ब, क, ड असे वर्ग. ‘ड’ म्हणजे सगळ्यात लहान, खेड्यापाड्यातली बहुतेक वाचनालयं त्यातच. अनुदानाची निम्मी रक्कम पगारात जाते. उरलेल्यात पुस्तकं, मासिकं, भाडं, लाइटबिल, सगळं बसवायचं. २०२२ च्या अखेरीस सरकारनं अनुदानात ६० टक्के वाढ केली. त्याआधी दहा वर्षं काही वाढलं नव्हतं. आता ‘ड’ वर्गाच्या वाचनालयात नवं पुस्तक का दिसत नाही, असं कुणी विचारलं तर मी हा हिशेब सांगते. रोजचा धंदाच हिशेबाचा असल्यामुळं मला तो पटकन कळतो.

या रीतीचा एक फायदा आहे, तो कुणी सांगत नाही. वाचनालय संस्थेचं असतं आणि संस्था सभासदांची. वर्षाची वर्गणी भरणारा माणूस नुसता गिऱ्हाईक नसतो. वार्षिक सर्वसाधारण सभा लागते, हिशेब वाचला जातो, कार्यकारी मंडळ निवडलं जातं. कोणती पुस्तकं घ्यायची याची यादी सभासदाला देता येते. एवढं असून सभेला येतात कोण, तर ज्यांना चहा-खारी ठाऊक आहे ते.

आमच्या पंचक्रोशीतल्या एका वाचनालयाचं चित्र सांगते, म्हणजे शहरातल्या वाचकांना कल्पना येईल. एक खोली, पुढं ओटा. ओट्यावर दोन बाकं, बाकांवर वर्तमानपत्रं. वर्तमानपत्रं सगळ्यांना फुकट, त्याला सभासद व्हावं लागत नाही. सकाळी आठला एक पेपर चौघांच्या हातात असतो: पहिलं पान एकाकडं, बाजारभाव दुसऱ्याकडं, निधनवार्ता तिसऱ्याकडं आणि शब्दकोडं चौथ्याकडं. चौघंही पुरुष. बाई ओट्यावर चढत नाही. बायका वाचत नाहीत असं मात्र नाही. पोराच्या दप्तरातून, दिराच्या पिशवीतून कादंबऱ्या घरी येतात आणि परत जातात. देवघेवीच्या रजिस्टरात नाव दिराचं, वाचणारी वहिनी. एका मैत्रिणीनं मला सांगितलं, तिनं एका लेखकाच्या सगळ्या कादंबऱ्या संपवल्या, पण त्या कपाटात कुठं ठेवलेल्या असतात ते तिनं कधी पाहिलेलं नाही. ग्रंथालयांच्या अहवालात महिला वाचकांचा रकाना असतो. तो भरताना या बाया कुठं धरतात, देव जाणे.

मराठवाड्यात वाचनालय म्हटलं की निजामाचा काळ टाळता येत नाही. राज्यकारभार उर्दूत, शाळा थोड्या, सभा भरवायची तर सरकारची परवानगी. अशा वेळी वाचनालय काढणं हे साधं काम नव्हतं. परभणीचं गणेश वाचनालय १९०१ चं. त्याच वर्षी हैदराबादेत तेलुगू लोकांनी श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम काढलं. आपापल्या भाषेतलं छापील अक्षर एके ठिकाणी मिळावं, त्या निमित्तानं चार माणसं बसावीत, असा हेतू दोन्हीकडं. १९३८ मध्ये आ. कृ. वाघमाऱ्यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक सुरू केलं. संस्थानानं त्यावर बंदी घातली की ते नाव बदलून पुन्हा निघायचं. आज वाचनालयाच्या ओट्यावर क्रिकेटचं पान वाचणाऱ्याला हे सांगितलं तर तो मान हलवतो आणि पान उलटतो. त्याचंही बरोबर आहे. फुकट मिळालेल्या गोष्टीचा इतिहास कुणी रोज आठवत बसत नाही.

शहरात आलं की दोन वेगळ्या जातीची ग्रंथालयं भेटतात. एक शासकीय: मुंबईला राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, त्याखाली विभागीय आणि जिल्ह्याची. आपल्या संभाजीनगरला विभागीय आहे. इथं पगारी ग्रंथपाल असतो, देवघेव विभाग वेगळा, संदर्भ विभाग वेगळा. देवघेवीतलं पुस्तक अनामत भरून घरी नेता येतं. संदर्भ विभागातलं जागेवरच वाचायचं: कोश, गॅझेटियर, जुने अहवाल, मोठाले नकाशे. दुसरी जात विद्यापीठाची, तिच्याकडं नंतर येते.

पहिल्यांदा जाणाऱ्याची पंचाईत कपाटापुढं होते. पुस्तकाच्या पाठीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडे. हे आकडे म्हणजे दाखल क्रमांक नव्हे. दाखल क्रमांक आत शिक्क्यापाशी असतो, तो पुस्तक कितवं आलं ते सांगतो. पाठीवरचा आकडा विषय सांगतो. मेलविल ड्युई नावाच्या अमेरिकन ग्रंथपालानं १८७६ मध्ये ही पद्धत काढली आणि जगभरच्या ग्रंथालयांनी ती उचलली. त्यात मराठी साहित्य ८९१.४६ वर. पुढं १ लागला की कविता, २ लागला की नाटक, ३ लागला की कथा-कादंबरी. महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२. हे एवढे आकडे कागदावर लिहून नेले तर अनोळखी ग्रंथालयातही माणूस थेट कपाटापाशी जातो, मग ते नागपूरचं असो की मुंबईचं. मी ते मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवलेत. गावाकडच्या लहान वाचनालयांत मात्र हे चालत नाही, तिथं कादंबऱ्या एका कपाटात, चरित्रं दुसऱ्या, आणि तिसऱ्या कपाटाची किल्ली अध्यक्षांकडं.

आकडे कळले तरी खरी गोष्ट पुढंच आहे. आपल्याला जे हवंय ते कोणत्या पुस्तकात असतं, हेच पुष्कळदा माहीत नसतं. पुस्तकाचं नाव माहीत असणारा वाचक ग्रंथपालाला सोपा. नाव माहीत नसलेला, नुसता प्रश्न घेऊन आलेला वाचक अवघड, पण ग्रंथपालाचा खरा कस लागतो तो तिथंच. आणि आमच्यासारख्यांनी नेमकं तसंच जावं, असं माझं म्हणणं आहे.

माझा प्रश्न सासूबाईंचा होता. त्यांचं माहेर गोदावरीकाठचं. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हातून झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरण लोकार्पण केलं. त्यामधल्या वर्षांत धरणामागच्या नाथसागराच्या पाण्याखाली शंभरावर गावं गेली. सासूबाईंचं त्यातलंच एक. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की जुन्या गावांची देवळं, घरांचे ओटे उघडे पडतात, लोक बघायला जातात. सासूबाई कधी गेल्या नाहीत. पण घरात एखादा कागद सापडला, माझ्या हातात फॉर्म दिसला, की विचारायच्या, “आमच्या गावाचं नाव लिव्हलेलं असंल का गं कुठं?” नवं गाव पुनर्वसनाचं, त्याचं नाव तेच, पण त्यांना ते गाव नको होतं. त्यांना जुनं हवं होतं.

हा प्रश्न मी शहरातल्या एका संदर्भ विभागात टेबलापाशी बसलेल्या बाईंना विचारला. गॅझेटियर ऐकून माहीत होतं, म्हणून तेच मागितलं. त्यांनी संभाजीनगरचं, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्याचं, १९७७ चं गॅझेटियर काढून दिलं. त्यात पैठणची पानं आहेत, नाथांची आहेत, पैठणीची आहेत. सासूबाईंच्या गावासारख्या लहान गावांना त्यात कुठली जागा? १८८४ मध्ये निजामाच्या मुलखाचं औरंगाबादचं इंग्रजी गॅझेटियर निघालं होतं, तेही मी मागितलं असतं. पण त्या बाईंनी मला थांबवलं आणि विचारलं, “तुम्हाला गावाची माहिती हवीय की गाव होतं याची नोंद हवीय?” मी म्हटलं, नोंद. त्या उठल्या, आतल्या मांडणीतून धुळीनं माखलेलं एक जाड पुस्तक घेऊन आल्या. १९६१ च्या जनगणनेची जिल्हा हस्तपुस्तिका.

ही काय चीज आहे ते सांगायला हवं, कारण तुमच्या आजोळाची, पणजीच्या गावाची नोंदही तिच्यासारख्याच पुस्तकात असणार. जनगणना झाली की प्रत्येक जिल्ह्याचं असं पुस्तक निघतं. त्यात तालुकावार सगळी गावं, एकेका गावाला एक ओळ. गावाचं क्षेत्रफळ, घरं, कुटुंबं, माणसं, पुरुष किती, बाया किती, शिकलेले किती, शेती करणारे किती, शेतमजूर किती, घरी उद्योग करणारे किती. इंग्रजीत असतं, पण आकड्यांना कसली आलीय भाषा. १९६१ मध्ये जालना वेगळा जिल्हा नव्हता, तो १९८१ मध्ये झाला. त्यामुळं अंबड, भोकरदनची गावंही त्याच पुस्तकात. धरणाची पायाभरणी व्हायच्या चार वर्षं आधीची ही मोजणी. म्हणजे बुडालेलं प्रत्येक गाव त्यात जिवंत आहे.

सासूबाईंचं गाव सापडलं. एक ओळ. मी ती वहीत उतरवून घेतली, पानाचा फोटो काढायची परवानगी घेतली, दुकानात आल्यावर मोठ्या अक्षरात प्रिंट काढली आणि संध्याकाळी त्यांना वाचून दाखवली. क्षेत्रफळात त्यांना रस नव्हता. घरांच्या आकड्यावर त्यांनी मान हलवली: “यवढी व्हती? असतील.” शिकलेल्या बायांच्या रकान्याशी आल्यावर मात्र त्यांनी मला थांबवलं. आकडा एका हाताच्या बोटांवर मावणारा होता. “त्यातली येक पाटलाची सून,” त्या म्हणाल्या, “पुन्याकडची व्हती, पोथी वाचायची. येक मास्तराची बायको. अन् तिसरी?” तिसरी त्यांना आठवेना. पुढचे दोन दिवस त्या तिसरीच्या मागं लागल्या. फोन करून आपल्या भावजयीला विचारलं, भावजयीनं मावसबहिणीला विचारलं. शेवटी ठरलं की मोजणीवाल्यानं मास्तराच्या लहान पोरीला धरलं असणार, ती पहिलीत की दुसरीत होती. सरकारी छापील आकड्याची अशी तपासणी मी आजवर पाहिली नव्हती.

या जुन्या हस्तपुस्तिका आता जनगणना खात्याच्या संकेतस्थळावरही मिळतात. माझं दुकानच ऑनलाइनचं, मी नंतर उतरवूनही घेतल्या. पण शोधायच्या पेटीत टाकायला शब्द लागतो. ‘जिल्हा जनगणना हस्तपुस्तिका’ हा शब्द मला त्या टेबलावरच्या बाईंकडून मिळाला. घरबसल्या बसले असते तर आजही गॅझेटियरच चाळत असते. ग्रंथालयशास्त्राचे आद्य आचार्य म्हणतात त्या रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. त्यातलं चौथं वाचकाच्या वेळेबद्दल आहे. त्यांचा जन्मदिवस १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. माझ्या मते त्या दिवशी हारतुऱ्यांपेक्षा संदर्भ विभागात एक जादा माणूस नेमावा. बऱ्याच ठिकाणी ती खुर्ची रिकामी असते, आणि ती रिकामी असली की हजारो पुस्तकं असूनही नसल्यासारखी.

विद्यापीठाचं ग्रंथालय ही वेगळी दुनिया. आपलं विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ चं, उद्घाटन पंडित नेहरूंचं. मागं लेण्यांचा डोंगर, जवळच मकबरा. १४ जानेवारी १९९४ ला त्याच्या नावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आलं, आणि तेव्हापासून दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर माणसांची रीघ लागते. त्या दिवशी तिथं पुस्तकांचे स्टॉल लागतात. सणाला आलेलं माणूस घरी जाताना पुस्तक घेऊन जातं. कडेवर पोर, हातात पुस्तकांची पिशवी अशा बाया तिथं मी पाहिल्यात, आणि त्यांना कुणी काम विचारत नाही. ज्या माणसानं मुंबईत आपलं राजगृह बांधताना आधी पुस्तकांच्या जागेचा विचार केला, त्याच्या नावाला हे शोभतंच.

आतल्या ग्रंथालयाचा नियम मात्र सार्वजनिकपेक्षा कडक, आणि हे बहुतेक सगळ्या विद्यापीठांत सारखं. पुस्तक घरी न्यायचा हक्क विद्यार्थ्यांचा आणि शिक्षकांचा. बाहेरचा माणूस गेला तर त्यानं काय वाचायचंय ते लिहून द्यायचं, ओळखपत्र दाखवायचं, एखाद्या कॉलेजचं किंवा संस्थेचं पत्र असलं तर बरं. परवानगी मिळाली की बसून वाचायचं. मी अर्ज टाइप करूनच नेते. टाइप केलेला, विषय लिहिलेला, खाली तारीख असलेला अर्ज पाहिला की समोरच्याचा आवाज बदलतो. हा धंद्यातला अनुभव आहे, कोणत्याही कार्यालयात लागू.

विद्यापीठात बघण्यासारखी गोष्ट म्हणजे प्रबंधांची कपाटं. जाड पुठ्ठ्याची बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं. एकेक प्रबंध म्हणजे कुणाच्या तरी आयुष्याची चार-पाच वर्षं, आणि बऱ्याचदा तो उघडणारी तुम्ही पहिलीच. पानं एकमेकांना चिकटलेली असतात, त्यावरून कळतं. धरणग्रस्त, ऊसतोड, लोकगीतं, बाजार समित्या, आपल्या भागावर लिहिलेलं इतकं काही तिथं पडून असतं की वाटतं, हे गावात कुणी का सांगितलं नाही? भाषा जड असते, पहिली दोन प्रकरणं मी सरळ ओलांडते. माहितीचे तक्ते आणि मुलाखती मागं असतात, तिथं खरा माल. २००९ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानंतर प्रबंधाची संगणकीय प्रत देणं बंधनकारक झालं आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रानं ‘शोधगंगा’ नावाचं भांडार चालवलं. ते सगळ्यांना खुलं आहे, पाचोडच्या दुकानातूनही उघडतं. आमच्या तालुक्यावरचे दोन प्रबंध मी तिथून छापून सरपंचांना दिले. वाचले का, विचारलेलं नाही.

आता त्या विषयाकडं येते ज्यावर ग्रंथालयात गेलेला प्रत्येक साहित्यप्रेमी कुरकुरतो: अभ्यासिकेतली पोरं. कोणत्याही सार्वजनिक ग्रंथालयात जा, वाचनकक्ष भरलेला असतो, पण टेबलावर ग्रंथालयाचं पुस्तक एकही नसतं. चालू घडामोडी, अंकगणित, मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका, सगळं घरून आणलेलं, पिवळ्या मार्करनं रंगवलेलं. सकाळी सातला दार उघडायच्या आधी रांग. खुर्चीवर दप्तर ठेवून जागा धरायची, दुपारी बाहेरच्या कट्ट्यावर डबा, चार्जिंगच्या पॉइंटवरून हलकी भांडणं. कपाटांकडं पाठ करून बसलेली शंभर डोकी. जुने सभासद म्हणतात, हे ग्रंथालय राहिलं नाही, वेटिंग रूम झाली.

माझं मत वेगळं आहे, कारण या पोरांचे फॉर्म मी भरते. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा ४,६४४ होत्या आणि अर्ज दहा लाखांवर आले. खुल्या गटाला फी १,००० रुपये, राखीवला ९००. माझ्या दुकानात नोटा मोजून देताना पोरींचे हात कसे हळू चालतात ते मी पाहिलंय. यातल्या बहुतेकींच्या घरी दोन खोल्या, टीव्ही चालू, पाहुणे, धुणीभांडी. शहरातल्या खाजगी अभ्यासिकेला महिन्याची फी. अशा पोरीला सार्वजनिक ग्रंथालय काय देतं? पंखा, उजेड, टेबल, प्यायचं पाणी, स्वच्छतागृह, आणि आठ तास कुणी हाक न मारणारी जागा. पुस्तक ती घरून आणते हे खरं, पण जागा घरून आणता येत नाही. तिनं कपाटाकडं वळून पाहिलं नाही म्हणून तिला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा तिच्या घरी जाऊन बसावं.

त्या पोरींनी मला एक उपयोगी विद्याही शिकवली. नव्या ग्रंथालयात गेलं की आधी स्वच्छतागृह कुठं आणि ते उघडं आहे का हे बघायचं, पुस्तकं नंतर. पुरुष लेखकांच्या ग्रंथालयावरच्या ललित लेखांत हा मुद्दा मी वाचलेला नाही. पण बाई ग्रंथालयात तासभर बसणार की दिवसभर, ते यावरच ठरतं. काही ठिकाणी त्याची किल्ली शिपायाकडं असते आणि ती मागावी लागते. पन्नाशीच्या बाईला मागायला काही वाटत नाही. वीस वर्षांची पोर मागत नाही, पाणी कमी पिते.

मुंबईला पुतण्याच्या लग्नाला गेलो तेव्हा मुलीला घेऊन टाउन हॉल पाहिला. १८३३ मध्ये बांधून झालेली ती पांढरी इमारत, पुढं खांब आणि सिनेमांत दिसणाऱ्या रुंद पायऱ्या. एशियाटिक सोसायटी तिथली, १८०४ ची. राज्य मध्यवर्ती ग्रंथालयही त्याच इमारतीत आहे. १९५४ च्या कायद्यानं देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एकेक प्रत चार ठिकाणी पाठवावी लागते: कोलकाता, चेन्नई, दिल्ली आणि मुंबईत इथं. पायऱ्यांवर फोटो काढणारी माणसं शंभर, आत वळणारी चार. मुलीनं पायऱ्यांवर फोटो काढून घेतला, मग आत आली. लाकडी कपाटांची उंची पाहून म्हणाली, “वरचं पुस्तक मागायला धीर पाहिजे.” खरं आहे.

मोठी ग्रंथालयं शहरात आणि माणसं गावात, ही अडचण नवी नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या या शेतकऱ्याच्या मुलानं, १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावून आणला आणि संस्थानभर मोफत ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. ज्या गावात ग्रंथालय नाही तिथं पुस्तकांची लाकडी पेटी जायची, लोकांनी वाचून झाली की ती पुढच्या गावाला. आज आपल्या राज्यात साताऱ्यातलं भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत पुस्तकं ठेवलेली. पुढं ही योजना इतर गावांना न्यायचं ठरलं तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या वेरूळची निवड झाली. चांगलंच आहे. पण वेरूळला आधीपासून पर्यटक येतात. पाचोडला येतो तो मोसंबीचा व्यापारी, आणि तो सौदा झाला की निघतो. आमच्यासारख्या बाजाराच्या गावाला पेटीच बरी. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरच्या बाया येतातच. भाजीच्या पिशवीत एक पुस्तक मावतं, पुढच्या बाजारी परत.

हे मी पंचक्रोशीतल्या त्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाला तोंडी सांगून पाहिलं. बायकांसाठी दुपारी दोन ते चार ओटा मोकळा ठेवा आणि बाजाराच्या दिवशी एक पेटी भरून स्टँडवर द्या, दुकानात ठेवायला जागा मी देते. चिटणीस म्हणाले, कल्पना चांगली आहे, लेखी द्या. मग मी आणि आणखी पाच जणींनी आधी वर्गणी भरून पावत्या घेतल्या, म्हणजे अर्ज सभासदांचा म्हणून जाईल. अर्ज टाइप केला, विषयाच्या ओळीखाली रेघ ओढली, मागं सहा पावत्यांच्या झेरॉक्स जोडल्या. दुसऱ्या प्रतीवर चिटणिसांची पोच घेतली, तारखेसकट. सभा दिवाळीनंतर आहे. चहा-खारी आम्हीच नेणार आहोत.